पंख्याखाली प्रोसेसर नव्हता

ई२१०८८२ हा मदरबोर्डचा मॉडेल नंबर नाही. एन२३२ हासुद्धा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुना इंटेलचा बोर्ड हातात आला की सगळ्यात ठळक दिसतात ते हेच दोन आकडे. लोक तेच गुगलतात आणि मग दहा वेगवेगळ्या बोर्डांचे फोटो बघून चक्रावतात. पहिला आकडा अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या नोंदीचा आहे, दुसरा ऑस्ट्रेलियाच्या प्रमाणपत्राचा. इंटेलच्या कितीतरी बोर्डांवर, वर्षानुवर्षं, हेच आकडे छापले गेले. पिठाच्या पिशवीवरचा परवाना क्रमांक वाचून पीठ गव्हाचं की ज्वारीचं हे ओळखायला जावं, तसलाच हा प्रकार.

मला हा प्रश्न पडला तो लोहगडवाडीत. गायमुख खिंडीच्या अलीकडे-पलीकडे लोहगड आणि विसापूर, आणि लोहगडाच्या पायथ्याला ही वाडी. मळवलीला लोकलमधून उतरून भाज्यामार्गे वर चढत आलेले ट्रेकर इथे पिठलं-भाकरी खातात, पावसाळ्यात कांदाभजी. माझ्या मामाची इथे खानावळ आहे आणि वर राहायच्या दोन खोल्या. लोणावळ्यातला एक सायबर कॅफे बंद झाला तेव्हा मामाने तिथून एक छोटा, डब्याएवढा कॉम्प्युटर आणला होता. २०१२ पासून पाहुण्यांची नावं, खोलीचं भाडं, उधारी, सगळं त्यातल्या एक्सेलमध्ये. विंडोज एक्सपी अजून तसंच.

मामेबहीण यंदा अकरावीत गेली आणि तिने बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलं. तिला घरी सरावाला कॉम्प्युटर हवा होता. मामाने ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "९४५ चा बोर्ड आहे ना? त्यात कोअर टू ड्युओ टाका, पळेल." दीड हजार रुपये. मामाचं बजेट तीन हजार, त्यामुळे त्याला हा सल्ला आवडला. पैसे देण्याआधी त्याने मला विचारलं, "अरे, तू इंजिनिअर ना? बघ एकदा." मी सॉफ्टवेअरवाला, पण हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं की प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं आपलंच खातं होतं.

दुकानदाराचं अर्धं बरोबर होतं. बोर्डच्या कडेला, मेमरीच्या खाचेजवळ, धूळ पुसल्यावर खरं नाव दिसलं: डी९४५जीसीएलएफ२. इंटेलच्या त्या काळातल्या बोर्डांची नावं वाचायला सोपी असतात. 'डी' म्हणजे डेस्कटॉप. '९४५जीसी' हा चिपसेट. 'एलएफ' म्हणजे लिटल फॉल्स, बोर्डचं आतल्या गोटातलं टोपणनाव. शेवटचा '२' म्हणजे दुसरी आवृत्ती. बारकोडच्या चिकटपट्टीवर 'एए' ने सुरू होणारा एक क्रमांक असतो, तो नेमकी उपआवृत्ती सांगतो. कॉम्प्युटर चालू होत असेल तर स्क्रू काढायचीही गरज नसते. लिनक्समध्ये डीएमआयडिकोड, विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ ही माहिती बोर्डच्या पोटातून वाचून दाखवतात. अर्थात ज्याने बोर्ड बनवला त्याने ती भरलेली असेल तर. स्वस्तातल्या कित्येक बोर्डांवर उत्पादकाच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ. ई. एम.' असं वाक्यच सापडतं. फॉर्मवर 'येथे नाव लिहावे' असं छापलेलं असावं आणि पुढे कोणी नावच लिहू नये, तसं.

तर चिपसेट ९४५. इथेच घोटाळा होता. ९४५ मालिका इंटेलने २००५ मध्ये आणली आणि पुढची काही वर्षं भारतातल्या असेंबल्ड पीसींमध्ये 'नाइन फोर्टीफाइव्हचा बोर्ड' हा जवळजवळ सामान्यनाम झाला होता. त्यातल्या ९४५जीसी चिपसेटचे मोठे बोर्डही निघाले. त्यांवर एलजीए७७५ नावाचं सॉकेट असे, आणि त्यात पेंटियम, सेलेरॉन किंवा कोअर टू ड्युओ बसवता येई. दुकानदाराच्या डोक्यात तो बोर्ड होता. लिटल फॉल्सवरही तोच चिपसेट आहे. फक्त सॉकेट नाही.

मामेबहिणीला हे पटेना. तिने बोर्डच्या मधोमध असलेल्या पंख्याकडे बोट दाखवलं. "दादा, मग हा पंखा कशावर आहे? प्रोसेसर याच्याखालीच असणार ना?" तर्क बरोबर होता. प्रत्येक पुस्तकातल्या आकृतीत पंखा प्रोसेसरवरच असतो. पण या बोर्डवर पंख्याखाली चिपसेट आहे. प्रोसेसर शेजारी, एका लहानशा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तुकड्याखाली, पंख्याविना गप्प बसलेला असतो. त्याचं नाव ॲटम ३३०: दोन कोअर, १.६ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ८ वॅट उष्णता. आणि त्याची चाकरी करणारा चिपसेट २२ वॅटचा. म्हणजे मालकापेक्षा नोकरच जास्त जेवतो. २००८ मध्ये हा बोर्ड आला तेव्हा जगभरच्या परीक्षणांत यावर भरपूर विनोद झाले. कारण सोपं होतं. ॲटम अगदी नवा, ४५ नॅनोमीटरवर बनवलेला. आणि त्याला जोडीदार म्हणून इंटेलने कपाटातला जुना, स्वस्त चिपसेट दिला.

प्रोसेसर बोर्डला कायमचा डकवायची ही कल्पना आली कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ८०८८ हा प्रोसेसर खाचेत बसवलेला होता आणि शेजारी आणखी एक खाच चक्क रिकामी ठेवलेली होती, ८०८७ या गणिती सहायकासाठी. घ्यायचा असेल तर नंतर घ्या. १९९२ मध्ये इंटेलने ओव्हरड्राइव्ह नावाचे प्रोसेसर खास जुन्या ४८६ मशीनांचा वेग वाढवायला विकले. नव्वदच्या दशकातलं सॉकेट ७ तर धर्मशाळाच होती: इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६, सिरिक्सचा ६एक्स८६, जो येईल त्याला जागा. आमच्या आधीच्या पिढीतल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या डोक्यात 'प्रोसेसर बदलता येतो' हे जे पक्कं बसलंय ते या वर्षांमुळे.

याच वर्षांत पुण्यात हाच प्रश्न फार मोठ्या आकारात सोडवला जात होता. अमेरिकेने हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर होते, एकमेकांशी बोलता यावं म्हणूनच घडवलेले प्रोसेसर. पण आकडेमोडीत ते लवकरच कमी पडू लागले, म्हणून परम ८६०० मध्ये त्यांच्या जोडीला इंटेलचा आय८६० आला. आणि १९९४ च्या परम ९००० मध्ये सी-डॅकने रचनाच अशी केली की प्रोसेसर बदलता यावा. त्याच यंत्राच्या सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा प्रोसेसरवाल्या आवृत्त्या निघाल्या. परमची गोष्ट आपण नेहमी 'आम्हाला नाही म्हणाले, मग आम्हीच केलं' अशी अभिमानाने सांगतो. मला मात्र त्यातला हा तिसरा टप्पा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तीन-चार वर्षांत एका प्रोसेसरची वाट संपलेली बघितल्यावर त्यांनी पुढचं यंत्र कुठल्याही एका प्रोसेसरच्या गळ्यात बांधलं नाही.

छोट्या बोर्डांचा इतिहास नेमका उलट्या दिशेने गेला. तैवानच्या व्हाया कंपनीने १९९९ मध्ये सिरिक्स आणि सेंटॉर असे दोन प्रोसेसर बनवणारे विभाग विकत घेतले. वेगात इंटेल-एएमडीला गाठणं शक्य नव्हतं, म्हणून व्हायाने कमी वीज, कमी उष्णता आणि कमी जागा हा खेळ निवडला. २००१ मध्ये त्यांनी मिनी-आयटीएक्स नावाचं माप जाहीर केलं: १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद. त्याआधीचं लहान समजलं जाणारं मायक्रो-एटीएक्स साडेचोवीस सेंटिमीटरचं होतं. पुढच्या वर्षी या मापाचे ईपिया नावाचे बोर्ड बाजारात आले, त्यांवर व्हायाचाच मंद, थंड प्रोसेसर डकवलेला. हौशी लोकांनी ते रेडिओच्या खोक्यांत, खेळण्यांत, कुठेकुठे बसवले. डकवण्यात व्हायाचा फायदा उघड होता. सॉकेटचा खर्च आणि उंची वाचते, आणि बोर्डबरोबर प्रोसेसरही आपलाच खपतो.

पण व्हायाने एक गोष्ट फार चांगली केली. बोर्ड कसायच्या चार भोकांच्या जागा त्यांनी जुन्या एटीएक्सच्या मापाशी जुळत्या ठेवल्या. म्हणून मिनी-आयटीएक्स बोर्ड कुठल्याही मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो. प्रोसेसरचं दार बंद केलं, पण बोर्डचं उघडं ठेवलं. हे आजही चालतं. २००१ चं माप धरून २०२५ मध्येही नवे बोर्ड निघतात. कॉम्प्युटरच्या जगात पंचवीस वर्षं टिकणारी मापं फार नाहीत.

इंटेलने २००८ मध्ये हाच साचा उचलला. तेव्हा नेटबुकची लाट होती आणि स्वस्त ॲटमला मागणी होती. लिटल फॉल्सची पहिली आवृत्ती एका कोअरची, दुसरी दोन कोअरची. मेमरीची खाच एकच, डीडीआर२, कमाल २ जीबी. मॉनिटरला व्हीजीए. ग्राफिक्स कार्डसाठी एक जुनी पीसीआय खाच. मला वाटतं ही काटकसर पूर्ण निरागस नव्हती. ॲटम जरा जास्त कामाचा झाला असता तर इंटेलचेच महाग प्रोसेसर कोणी घेतले असते? एनव्हिडियाने २००९ मध्ये आयॉन नावाने हाच ॲटम चांगल्या चिपसेटबरोबर विकून दाखवला, तेव्हा त्यावर हाय-डेफिनिशन व्हिडिओ व्यवस्थित चालला. म्हणजे प्रोसेसरने हात टेकलेच नव्हते, त्याचे बांधून ठेवले होते.

तरीही सायबर कॅफेवाल्याने हा डबा का घेतला असेल ते मला समजतं. त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन होतं. दहा मशीनं इन्व्हर्टरवर चालवायची तर प्रत्येक वॅट मोजावा लागे. हा अख्खा डबा जेमतेम ट्यूबलाइटएवढी वीज खायचा. ईमेल, रेल्वेचं तिकीट, निकालाची प्रिंट, यापलीकडे गिऱ्हाइकाला काही नको होतं.

आणखी एक गोष्ट या बोर्डच्या बाजूने. २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींनी जगातले बहुतेक प्रोसेसर हादरले. वेगवान प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच अंदाजाने करून ठेवतात, त्या घाईतून गुपितं गळत होती. हा जुना ॲटम अंदाज बांधून पुढे पळतच नाही. रांगेत आलेली सूचना रांगेतच करतो. म्हणून तो सुटला. मंदपणाचं इतकं रोख बक्षीस क्वचितच मिळतं.

जुन्या बोर्डांबाबतची खरी अडचण मात्र कागदपत्रांची आहे. इंटेलने २०१३ च्या सुरुवातीला डेस्कटॉप बोर्डांचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं आणि २०१९ च्या अखेरीस जुन्या बोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. आता ते मिळतात ते हौशी लोकांनी इंटरनेट अर्काइव्हवर जपून ठेवले म्हणून. ज्या शहरात पेशवे दफ्तर आहे तिथल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. पंधरा वर्षांपूर्वीच्या वस्तूची माहिती पुस्तिका गायब होते आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा जमाखर्च वाचता येतो. लोहगडावर चढताना चार दरवाजे लागतात. त्यातला हनुमान दरवाजा जुना आणि बाकीचे नाना फडणवीसांच्या काळातले, हे आपण आज ठामपणे सांगू शकतो ते कोणीतरी लिहून ठेवलं आणि ते टिकलं म्हणून.

मग मामाच्या तीन हजारांचं काय करायचं? पर्याय एक, प्रोसेसर बदलणं, हा मुळातच नाही. त्या ॲटमला पायच नाहीत. त्याच्या पोटाखाली शिशाविना कथिलाचे शेकडो बारीक मणी बोर्डला वितळवून जोडलेले असतात. पर्याय दोन, तीच चार भोकं वापरून दुसरा बोर्ड. जुन्या बाजारात एच६१ चिपसेटचे मिनी-आयटीएक्स बोर्ड मिळतात. त्यावर एलजीए११५५ सॉकेट असतं, दुसऱ्या पिढीचा आय३ बसतो, आणि बायोस अद्ययावत असेल तर तिसऱ्या पिढीचाही. छोट्या डब्यातला एसएमपीएस अशक्त असतो, त्यामुळे आय३-२१००टी सारखा, नावामागे 'टी' असलेला ३५ वॅटचा प्रोसेसर शोधायचा. पण बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर३ मेमरी मिळून तीन हजारांत बसवणं अवघड. शिवाय वापरलेल्या मालाची वॉरंटी म्हणजे विक्रेत्याचं 'चालेल हो'. आणि इतकं करूनही त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोअर टू ड्युओचं तर आणखी वाईट. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून पॉपकाउंट नावाची एक सूचना प्रोसेसरमध्ये असावीच लागते. ती त्या पिढीत नाही, त्यामुळे ते सुरूच होत नाही. म्हणजे दुकानदाराच्या कल्पनेतला बोर्ड खरोखर असता, तरी ते दीड हजार फार दूर गेले नसते.

पर्याय तीन काय, हे ठरवताना मला वारणेचं उदाहरण आठवत होतं. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांना कॉम्प्युटरने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचं कौतुक झालं. काही वर्षांनी गावागावातले पीसी म्हातारे झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी जाऊन बघितलं की शेतकरी त्या पीसीवर नेमकं करतात काय. ते ऊस किती टन भरला हे बघत होते, खताची खरेदी नोंदवत होते आणि बिल कधी मिळणार हे विचारत होते. एवढंच. त्यांनी सात गावांत पीसीच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला, आणि काम भागलं. नवा प्रोसेसर कोणी मागितलाच नव्हता.

म्हणून मी मामेबहिणीला विचारलं, "तुला यावर करायचं काय आहे?" तिने अभ्यासक्रम दाखवला. सी++, एचटीएमएल आणि चक्क ८०८५ मायक्रोप्रोसेसर! १९७६ चा, आठ बिटांचा, ३ मेगाहर्ट्झचा. महाराष्ट्र बोर्डाची मुलं अजून कागदावर त्याचे प्रोग्रॅम लिहितात. अनेक कॉलेजांत सी++ शिकवायलाही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा टर्बो सी++ वापरतात, तोच निळ्या पडद्याचा. या सगळ्यापुढे ॲटम ३३० म्हणजे राजधानी एक्स्प्रेस आहे. बाकी व्हिडिओ, व्हॉट्सॲप, शोधाशोध तिच्या फोनवर चालतेच.

फोनवरून आठवलं. तिचा पुढचा प्रश्न होता, "दादा, माझ्या फोनचा प्रोसेसर बदलता येतो का?" नाही. फोनमध्ये तर प्रोसेसर, ग्राफिक्स, मोडेम एकाच चिपमध्ये कोंबलेले असतात आणि बहुतेक वेळा मेमरी त्याच्याच डोक्यावर जोडलेली. गुगलने सुटे भाग बदलता येणारा फोन बनवायचा प्रोजेक्ट आरा नावाचा घाट घातला होता, तो २०१६ मध्ये गुंडाळला. "मग या डब्याला एवढं काय नावं ठेवतोयस?" ती म्हणाली. मामा हसला.

तपकीर गल्लीतून ४० मिलिमीटरचा नवा पंखा आणि सीआर२०३२ सेल आणला. जुना सेल संपला होता, त्यामुळे डबा दर वेळी चालू झाला की २००८ सालात जागा व्हायचा. मावळातल्या चार महिन्यांच्या ओलीत मेमरीच्या खाचेला हिरवट गंज धरू लागला होता. तो आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रशने साफ केला. एक जीबीच्या जागी दोन जीबीची जुनी डीडीआर२ कांडी, हार्डडिस्कच्या जागी लहानशी एसएसडी. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. ॲटम ३३० चौसष्ट बिटांचा आहे, म्हणून हलकं लिनक्स विनातक्रार बसलं. एक्सेलमधल्या २०१२ पासूनच्या वह्या पेन ड्राइव्हवर काढून लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या. मामाने सगळ्यात आधी कुठल्याशा मंडळाची २०१४ ची उधारी शोधली. ती अजून बाकी आहे.

उरलेले हजार रुपये मामाने मामीकडे दिले. एच६१ चा विषय बारावीनंतर काढायचा असं ठरलंय. तोवर डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बहिणीने मार्करने बोर्डचं खरं नाव, मेमरीची कमाल मर्यादा आणि 'पंख्याखाली चिपसेट आहे' एवढं लिहून ठेवलं आहे.